सातनंतरचा हिशेब: डोंबिवलीतल्या एका घरगुती पाळणाघराचा अनुभव

आमच्या काकूंच्या पाळणाघरात दाराच्या आतल्या बाजूला, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, हाताने लिहिलेला एक कागद लावलेला आहे. वर चिकटपट्टी मारलेली, कडा थोड्या पिवळ्या पडलेल्या. त्यावर लिहिलंय: "वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ७. सव्वासातपर्यंत काही नाही. ७.१५ ते ७.४५ – ६० रुपये. ७.४५ ते ८.३० – आणखी १०० रुपये. साडेआठनंतर मूल ठेवले जाणार नाही. उशीर होणार असल्यास सव्वासहाच्या आत निरोप द्यावा. महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा उशीर झाला तर बसून बोलू."

पाळणाघराबद्दल लिहिताना लोक जेवण, स्वच्छता, खेळणी यांवर लिहितात. तेही लिहिते. पण आमची लेक इथे रमली आणि आम्ही दोघं नोकऱ्या सांभाळू शकलो त्यात या कागदाचा वाटा सगळ्यात मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे हा अभिप्राय बराचसा त्या कागदाबद्दल आहे.

आधी थोडी माहिती. मी मुंबईत फोर्टमधल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेत आहे, नवरा नवी मुंबईत महापेच्या एमआयडीसीत. लेक साडेतीन वर्षांची, दोन वर्षांची असल्यापासून काकूंकडे जाते. जागा डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर, एका जुन्या तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर. बाहेर पाटी नाही. नाव-पत्ता लिहू नकोस असं काकूंनीच सांगितलंय, कारण बारापेक्षा जास्त मुलं त्या घेत नाहीत आणि रोज फोनवर कुणाला तरी नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येतं. तरीही लिहायला बसले, कारण पाळणाघर शोधणाऱ्या आईबाबांना नेमकं काय विचारायचं ते कळेल, आणि घरात पाळणाघर चालवणाऱ्या कुणाच्या वाचनात आलं तर त्यांनाही यातलं काही उचलता येईल.

महिन्याचे ५,५०० रुपये आणि खाण्याचे ७०० वेगळे. दुपारी वरणभात, मऊ पोळी, एक भाजी. चार वाजता खाऊ: शिरा, घावन, थालीपीठ, कधी उकडलेलं रताळं. बिस्किटाचा पुडा या घरात मी पाहिलेला नाही. दोन खोल्या आणि हॉल मुलांसाठी, स्वयंपाकघराला अर्ध्या उंचीचं लाकडी दार. सतरंज्या रोज झटकलेल्या, संडास-बाथरूम कोरडं. मदतीला दोन मावशी. एक दुपारी तीनपर्यंत, दुसऱ्या पाथर्लीहून येतात आणि सातपर्यंत थांबतात. काकूंचे यजमान, म्हणजे मुलांचे आजोबा, कुर्ला कारशेडमधून निवृत्त झालेले. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते, कारण या व्यवस्थेत त्यांचं काम कुठल्याही मावशींइतकंच महत्त्वाचं आहे.

आता उशिराचा विषय. आमची लेक आधी दुसऱ्या एका ठिकाणी जायची. नाव सांगत नाही. तिथे उशिराचा काही नियमच नव्हता. पहिल्या दिवशी विचारलं तर उत्तर आलं, "अहो चालतं हो, आपलंच घर आहे." ऐकायला इतकं छान वाटलं! पण पंधरावीस दिवसांत चेहरे बदलायला लागले. दार उघडायला वेळ लागायचा. "आज पण?" असं विचारलं जायचं, आणि तेही लेकीकडे बघून. एका पावसाळी संध्याकाळी पावणेआठला पोचले तर ती बूट घालून, दप्तर पाठीला लावून, दाराशी स्टुलावर बसलेली. आतला दिवा बंद. सात वाजल्यापासून ती तशीच बसली होती, कारण पाळणाघर सातला बंद झालं होतं. पैसे कुणी मागितले नाहीत. मी हातात दोनशे रुपये ठेवले तर "छे छे, पैशांचं काय" म्हणून परत केले, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा. पैसे न घेता राग धरला जात होता आणि तो राग दोन वर्षांच्या मुलीपर्यंत पोचत होता. तिने सकाळी बूट घालायला नकार द्यायला सुरुवात केली तेव्हा आम्ही तिथून तिला काढलं.

काकूंकडे चौकशीला गेलो तर त्यांनी पाणी दिलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे तो कागद दाखवला. "फी, जेवण, सुट्ट्या सगळं सांगते, पण आधी हे वाचा. हे पटलं तर पुढचं." मला तेव्हा जरा कडक वाटलं. नवऱ्याला मात्र लगेच पटलं. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये रोज अडकणारा माणूस तो, उशीर होणार हे गृहीत धरूनच तो जगतो.

कारण उशीर होणारच आहे. सीएसएमटीहून फास्ट लोकलने डोंबिवली साधारण सव्वा तास. काउंटर बंद झाल्यावर रोकड जुळली नाही तर ती जुळेपर्यंत उठता येत नाही. सहाच्या सुमाराची गाडी चुकली किंवा रद्द झाली की पुढच्या गाडीला दोन गाड्यांची गर्दी, आणि त्यात लेडीज डब्यात पाय ठेवायला जागा मिळेल याची खात्री नाही. कुर्ल्याला पाणी, कळव्याला सिग्नल, काहीही. नवऱ्याच्या बाजूने कल्याण-शीळ रस्ता. काटई नाक्याला एक ट्रक बंद पडला की पाऊण तास गेला. आम्ही दोघांपैकी जो आधी पोचेल तो लेकीला घेतो, पण असे दिवस येतात की दोघंही अडकलेले असतात.

कुणी म्हणेल की ऑफिसात पाळणाघर हवं. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करायची तरतूद आली, आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटता येईल असंही त्यात होतं. तरतूद चांगलीच आहे. पण डोंबिवलीहून सकाळच्या गर्दीत दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन फोर्टला कोण जाईल? ज्यांचं घर आणि नोकरी यांच्यात सव्वा तासाची लोकल आहे, त्यांना पाळणाघर घराजवळच लागतं. आणि ते घराजवळ असलं की संध्याकाळचा सगळा धोका त्या सव्वा तासात जमा होतो. डोंबिवली, कल्याण, बदलापूर, विरार, पनवेल, सगळीकडे हेच आहे. म्हणून मी म्हणते की आमच्यासारख्यांसाठी पाळणाघर कसं आहे हे संध्याकाळी सात ते साडेआठमध्ये कळतं, सकाळच्या गोड हसण्यात नाही.

तर काकूंची पद्धत अशी.

उशिराची एक वही आहे. लांबट, कडक पुठ्ठ्याची, वाण्याकडे असते तशी. सव्वासातनंतर जो मुलाला न्यायला येईल त्याने स्वतःच्या हाताने वेळ लिहायची आणि सही करायची. घड्याळ भिंतीवरचं, मोबाइलचं नाही, आणि ते मुद्दाम तीन मिनिटं मागे ठेवलंय हे सगळ्यांना माहीत आहे. वाद घालायला जागाच राहत नाही. दारात पैसे घ्यायचे नाहीत हा काकूंचा कडक नियम. महिन्याच्या एक तारखेला फीच्या हिशेबाबरोबर वहीतल्या नोंदी जोडून येतात, प्रत्येकाला वेगळ्या, व्हॉट्सअॅपच्या सामायिक ग्रुपवर कधीच नाही. मी कारण विचारलं होतं. काकू म्हणाल्या, "अगं, मूल बघत असतं. आई आली आणि पहिल्यांदा पर्स उघडली, तर त्याला काय वाटेल? आई आली की तिने आधी त्याला उचलायचं."

ही गोष्ट मी कितीतरी वेळा मनात घोळवली आहे. उशीर, दमणूक, अपराधी वाटणं, हे सगळं घेऊन आई दारात उभी असते. त्या क्षणी पैशांचा विषय निघाला तर तिचा स्वर बदलतो, आणि मुलाला वाटतं आपल्यामुळे काहीतरी झालं. काकूंकडे दार उघडतं तेव्हा मागून फक्त "आली बघ आई" एवढंच ऐकू येतं.

आणि त्या ६० रुपयांतले ४० मावशींचे. हे कागदावर नाही, पण काकू प्रत्येक नव्या पालकाला सांगतात, मावशींसमोर सांगतात. मावशींना पाथर्लीला जायला शेअर रिक्षा लागते, घरी त्यांची दोन शाळकरी मुलं आणि स्वयंपाक बाकी असतो. मी सातऐवजी पावणेआठला पोचते तेव्हा माझी पाऊण तासाची सोय त्यांच्या घरातल्या पाऊण तासातून आलेली असते. आधीच्या ठिकाणी "आपलंच घर" म्हणून जे फुकट चाललं होतं, ते तिथल्या बाईंच्या अंगावर पडत होतं. त्यांना जादा थांबायचे पैसे मिळतात का हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, आणि राग तिथूनच येत असणार असं मला आता वाटतं. काकूंच्या मावशी मला उशीर झाला तर "ताई, दमलात का?" म्हणून विचारतात. त्यांचा वेळ मोजला जातोय हे त्यांना माहीत आहे, म्हणून त्यांना ते विचारणं जमतं.

सव्वासहाच्या निरोपाचं महत्त्व मला नंतर कळलं. निरोप दिला म्हणून पैसे कमी होत नाहीत. काकूंचं म्हणणं, "पैसे मावशींसाठी, निरोप मुलासाठी." सव्वासहाला कळलं की किती मुलं थांबणार त्या हिशेबाने मऊ भात लागतो, वर मेतकूट आणि तूप. साडेसातला मुलं पोटभर जेवलेली असतात. घरी नेल्यावर भुकेने रडणाऱ्या मुलासाठी कुकर लावायची धावपळ वाचते. शिवाय मुलाला खरं सांगता येतं. या घरात मुलांना "येईल हं आत्ता" असं म्हणत नाहीत.

इथे आजोबा येतात. त्यांनी हॉलच्या भिंतीवर पुठ्ठ्याची एक मोठी पट्टी लावली आहे: सीएसएमटी, भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली. खाली रस्त्याने येणाऱ्यांसाठी दुसरी पट्टी: महापे, शिळफाटा, काटई, डोंबिवली. प्रत्येक आईबाबाच्या नावाची कपड्याची चिमटी आहे, रंग वेगळा. उशीर होणार असेल तर आम्ही प्रवासात फक्त स्टेशनचं नाव पाठवायचं. "घाटकोपर." "ठाणे." आजोबा त्या मुलाला हाक मारतात आणि ते मूल स्वतः चिमटी पुढे सरकवतं. आमच्या लेकीची चिमटी लाल. तिला अजून वाचता येत नाही पण ठाण्यानंतर आई येते हे पक्कं माहीत आहे. गाडी खोळंबली असेल तर आजोबा एम-इंडिकेटर हे लोकलची माहिती देणारं अॅप बघतात, जुन्या सहकाऱ्याला फोन लावतात आणि मुलांना सांगतात, "सिग्नल लाल आहे, मोटरमन थांबलाय, तुझी आई बसायला मिळालं म्हणून खूश असेल." मुलं हे ऐकतात आणि परत खेळायला जातात. मी लहान मुलांच्या मानसशास्त्रातलं काही शिकलेले नाही, पण वाट बघण्याला आकार दिला की मूल ती वाट सहन करतं, एवढं मी या भिंतीसमोर पाहिलं.

आजोबांमुळे आणखी एक झालंय. रेल्वेच पूर्ण कोलमडली, म्हणजे ओव्हरहेड वायर तुटली किंवा रुळांवर पाणी आलं, तर त्या दिवशीचं पान वहीत कोरं राहतं. हा निर्णय आजोबांचा. दहा-पंधरा मिनिटांचा नेहमीचा उशीर त्यात धरत नाहीत, तो आपण हिशेबात धरूनच निघायचं. मावशींना त्या दिवशीचे पैसे काकू आपल्याकडून देतात.

याचं मूळ २००५ सालात आहे. काकूंनी पाळणाघर सुरू केलं २००३ ला, म्हणजे २६ जुलैचा पाऊस त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस. लोकल जागच्या जागी उभ्या, फोन लागत नव्हते. काकूंकडे त्या रात्री सात मुलं राहिली. वीज नव्हती. आजोबा स्वतः कुर्ल्याला अडकलेले. काकूंनी शेजारच्या बायकांना बोलावून घेतलं, मुलांना हॉलमध्ये ओळीने झोपवलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकेक आईबाप रुळांवरून चालत चालत येऊन पोचले. एका वडिलांनी पाकीट काढलं तेव्हा काकू त्यांच्यावर रागावल्या होत्या म्हणे. पण त्याच आठवड्यात त्यांनी प्रवेशाच्या फॉर्मवर एक रकाना वाढवला: डोंबिवलीतच राहणाऱ्या दोन माणसांची नावं, जी मुलाला येऊन नेऊ शकतील. फोटोसकट. आजही तो रकाना भरल्याशिवाय प्रवेश मिळत नाही. "साडेआठनंतर मूल ठेवले जाणार नाही" हे वाक्य त्याच्या जोरावर उभं आहे. साडेआठला आमच्या समोरच्या आजींना फोन जातो, त्या येऊन लेकीला घेऊन जातात. मूल रस्त्यावर पडत नाही आणि काकूंच्या घराला रात्र मिळते.

आता तीन वेळांची मर्यादा. मला हा कागदावरचा सगळ्यात विचारपूर्वक लिहिलेला भाग वाटतो. बँकेच्या एका प्रशिक्षणात आम्हाला इस्राएलच्या हैफा शहरातला एक प्रयोग सांगितला होता. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या दहा पाळणाघरांत वीस आठवडे नोंदी ठेवल्या. त्यांतल्या सहा पाळणाघरांत मध्येच दंड सुरू केला: दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर १० शेकेल. उशीर कमी व्हायला हवा होता. तो वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. आणि दंड बंद केल्यावरही खाली आला नाही. २००० साली त्यांचा लेख आला. त्यांनी लावलेला अर्थ असा, की आधी लोकांना शिक्षकांना खोळंबून ठेवायला लाज वाटत होती. दंड लागल्यावर ते पैसे मोजून वेळ विकत घेऊ लागले आणि लाज गेली.

मी हे काकूंना सांगितलं तर त्या अजिबात चकित झाल्या नाहीत. त्यांनी पूर्वी २० रुपये ठेवले होते, सरसकट, कितीही वेळ. तेव्हा पालक स्टेशनवर उतरून फडके रोडला भाजी, कपडे, सगळं आटोपून आरामात यायचे. "वीस रुपयांत रिक्षासुद्धा येत नाही, मी येत होते," काकू म्हणाल्या. रक्कम वाढवून थोडा फरक पडला, पण खरा फरक पडला तो मर्यादा घातल्यावर. साडेआठनंतरचा वेळ विकायलाच ठेवलेला नाही. महिन्यातला चौथा उशीर पैशांनी मिटत नाही. तिथे बसून बोलावं लागतं.

हे बसून बोलणं म्हणजे ओरडा खाणं असतं असं कुणाला वाटेल. तसं नसतं. आमच्याबरोबरच्या एका मुलाची आई ठाण्याच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. दुपारची पाळी लागली की तिला सात कधीच जमत नसे. दर महिन्याला पाच-सहा वेळा वहीत सही. काकूंनी तिला रविवारी सकाळी चहाला बोलावलं, ड्युटीचा तक्ता मागून घेतला, आणि असं ठरवलं की ज्या आठवड्यात दुपारची पाळी असेल त्या आठवड्यात मूल ठरवूनच आठपर्यंत राहील, जेवून. त्याचे आठवड्याचे ३०० रुपये जास्त, मावशींनाही आधीपासून माहीत. तो उशीर उरलाच नाही, ती वेळच झाली. उलट एक वडील होते, जवळच राहणारे, घरून काम करणारे, ज्यांना दर दुसऱ्या दिवशी मीटिंग लांबल्यामुळे पावणेआठ व्हायचे. ते म्हणाले, "मी पैसे देतोय ना?" काकूंनी त्यांना शांतपणे महिनाअखेरपर्यंत दुसरी जागा बघायला सांगितलं. मला तेव्हा त्या मुलाचं वाईट वाटलं, आजही वाटतं. पण मावशी रोज पावणेआठपर्यंत थांबायला तयार नव्हत्या, आणि काकूंनी मावशींची बाजू घेतली. असं करणारी मालकीणबाई मी फार पाहिलेली नाही.

आता जे मला पटत नाही तेही लिहिते.

सव्वासातची कडा फार तीक्ष्ण आहे. सात चौदाला आलं तर काही नाही, सात सोळाला आलं तर ६० रुपये. यामुळे माणसं धावतात. गाडी पूर्ण थांबायच्या आधी उतरतात, पुलाच्या पायऱ्या दोन दोन चढतात, आधीच भरलेल्या गाडीत दाराला लटकतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं खाली पडून जीव गेले. ते वळण आमच्याच मार्गावरचं. त्यानंतर मी काकूंना म्हटलं की १५-१५ मिनिटांचे टप्पे करा, २०-२० रुपये वाढवत न्या, म्हणजे एका मिनिटासाठी कुणी जिवावर उदार होणार नाही. त्यांनी नाही म्हटलं. त्यांच्या मते बारीक टप्पे केले की लोक परत मिनिटं विकत घ्यायला लागतील. त्यांचा मुद्दा समजतो, तरी मला पटलेला नाही. त्यांनी एक केलं मात्र: त्या आठवड्यात कागदाखाली लाल पेनाने लिहिलं, "धावत येऊ नका. मूल जेवलेले आहे." तेवढ्याने दर बदलत नाही, पण दाराशी पोचल्यावर ते वाचलं की श्वास खाली बसतो.

शनिवार हा दुसरा त्रास. पाळणाघर दुपारी दोनपर्यंत. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, बाकीचे पूर्ण दिवस. आमच्याकडे नवऱ्याला शनिवार सुट्टी म्हणून निभावतं, पण दोघंही बँकेत किंवा दुकानात असलेल्या घरांना हे चालणार नाही. शनिवारी दोननंतरही तेच दर आणि तीच मर्यादा, त्यामुळे महिन्यातले उशीर शनिवारीच संपून जातात. काकूंना आठवड्यातून एक दुपार हवी, हे मान्य. पण शनिवारचा हिशेब वेगळा ठेवायला हरकत नसावी.

सात वाजल्यानंतर टीव्ही लागतो. मावशी भांडी आवरत असतात, काकू भात भरवत असतात, आणि उरलेली तीन-चार मुलं पडद्यासमोर. दिवसभर टीव्ही बंद असतो, त्यामुळे मी फार ताणलं नाही. तरी चिमट्यांची पट्टी असताना टीव्हीची गरज नाही असं मी सांगितलंय. अंगण नाही, बाहेर खेळणं नाही. इमारतीच्या आवारात गाड्या लागलेल्या असतात. गणपतीचे पाच दिवस आणि मे महिन्यात एक आठवडा पूर्ण बंद, त्याची तारीख जानेवारीतच मिळते. ताप असलेलं मूल घेत नाहीत, आणि दिवसा ताप चढला तर दोन तासांत न्यावं लागतं. त्यासाठीही तो दोन नावांचा रकाना कामी येतो.

सीसीटीव्ही नाही. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात लहानग्या बाळाला मारतानाचं चित्रण बाहेर आलं, तेव्हापासून माझ्यासारख्या अनेकींच्या मनात भीती बसली आहे, आणि ते चित्रण कॅमेऱ्यामुळेच बाहेर आलं होतं हेही खरं. काकूंचं म्हणणं, दार दिवसभर उघडं, कधीही न सांगता या. मी गेले आहे, न सांगता, भर दुपारी. दार खरंच उघडं होतं, मुलं झोपलेली, मावशी एका बाळाला थोपटत बसलेल्या. माझं समाधान झालं. तुमचं त्यावर होणार नसेल तर कॅमेरा असलेली जागा शोधा, त्यात चुकीचं काही नाही.

पाळणाघर बघायला जाल तेव्हा खेळणी नंतर बघा. आधी विचारा की मला उशीर झाला तर त्या वेळात माझं मूल काय करत असेल, त्याच्याजवळ कोण असेल, आणि त्या बाईंना त्याचे पैसे मिळतात का. "चालतं हो" असं उत्तर आलं तर आणखी एकदा विचारा, आणि जमलं तर एखाद्या दिवशी साडेसातला तिथे जाऊन या. आणि तुम्ही स्वतः पाळणाघर चालवत असाल, आणि पैसे मागायला संकोच वाटत असेल, तर कृपा करून एक कागद लिहून लावा. आम्हा पालकांना लिहिलेला नियम अपमानाचा वाटत नाही. न लिहिलेला वाटतो, कारण तो मोडला हे आम्हाला समोरच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागतं.

या जूनपासून ६० चे ८० होणार आहेत. काकूंनी एप्रिलमध्येच प्रत्येकाला फोन करून सांगितलं, आणि कारणही सांगितलं: वाढलेले वीस पूर्णच्या पूर्ण मावशींना, म्हणजे ८० मधले ६० त्यांचे. फी तीच राहणार आहे. दोन मुलं जूनमध्ये मोठ्या शाळेत जातायत, त्यामुळे दोन जागा होतील. त्या ओळखीतूनच भरतात. तुमच्या इमारतीत कुणाचं मूल डोंबिवली पूर्वेला तळमजल्यावरच्या, चिमट्यांच्या भिंतीच्या पाळणाघरात जात असेल तर त्यांच्याकडे नंबर मागा, आणि फोन दुपारी एक ते तीन सोडून करा, तेव्हा मुलं झोपलेली असतात.